ओमचं पुस्तक

॥ श्री ॥

बडोदा,
८ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी इथे मजेत आहे. बडोद्याला यंदा थंडी चांगली पडली, पण तू दिलेली गोधडी अंगावर असली की काही वाटत नाही. कॉलेजात शिकवणं चालू आहे, छापखान्यातलं कामही चालू आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना? रोहितकडे पाठवलेला पट्टा बांधत नसशील, हे मला न विचारताच माहीत आहे.

जे लिहायचं आहे ते फोनवर बोलायचा कितीदा तरी प्रयत्न केला. तू "जेवलीस का?" विचारलंस की पुढचं सगळं राहूनच जातं. शिवाय कातळवाडीत रेंज मिळवायला तुला देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं. म्हणून पत्र. तू सातवीपर्यंत शिकलीस आणि तुझं अक्षर माझ्याहून सुंदर आहे, तेव्हा उत्तरही पत्रानेच दे.

आत्या, मला ओमवर पुस्तक करायचं आहे.

माझी पुस्तकं कशी असतात ते तू पाहिलंयस. शब्द नाहीत, नुसती चित्रं, हाताने छापलेली आणि शिवलेली. हिंजवडीच्या इमारतींचं पुस्तक पाहून तू विचारलं होतंस, "यात वाचायचं काय?" मी म्हणाले, बघायचं. त्यावर तू म्हणालीस, "मग खिडकी उघडली तरी दिसतंय की." आमच्या प्रदर्शनात ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, आणि सगळ्यांत जास्त दाद तिलाच मिळते.

ओमला जाऊन आता सहावं वर्ष लागलं. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते, रोहित बालवाडीत. त्याच वर्षी काका गेले आणि तू तान्ह्या ओमला घेऊन माहेरी, आमच्या अण्णांकडे, आलीस. लोक म्हणतात, रत्नाबाईने भावाची पोरं सांभाळली. आम्हाला मात्र तिघांपैकी एकच तुझा आहे, हे शाळेत कोणीतरी सांगेपर्यंत कळलंसुद्धा नव्हतं.

त्याला रहस्यकथांचं किती वेड होतं! खून कोणी केला ते मधल्याच पानावर ओळखायचा आणि मला सांगून माझी मजा घालवायचा. आणि त्याचा स्वतःचा खून झाला, तो मात्र कोणी केला ते कोणीच ओळखलं नाही. पोलिसांची फाईल बंद झाली, गाव बोलायचं थांबलं. मला ते सहन होत नाही. त्या दिवशी सकाळपासून तो कुठे कुठे गेला, कोणी कुठे पाहिला, ती प्रत्येक जागा मला काढायची आहे. एका पानावर एक जागा. खुनी शोधायला नाही गं. तो एक दिवस तरी आपल्याकडे पूर्ण असावा म्हणून.

तू नको म्हणालीस तर हातही लावणार नाही.

अण्णांना नमस्कार. तुझी माया आहे, ती अशीच असू दे.

तुझी,
गौतमी


॥ श्री ॥

कातळवाडी, ता. मुळशी,
२२ जानेवारी २०२४

चि. गौतमीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. पोस्टमन म्हनला, रत्नाबाई, आता आधार कार्डाशिवाय पत्र येनारं गावात तुमीच एकल्या. पत्र दोनदा वाचलं आन डब्यात ठिवलं, मंग परत काढलं. उत्तर द्यायला येळ लागला. भात झोडून झाला व्हता पन पेंढा रचायचा ऱ्हायला व्हता, असं मी सोताला सांगत व्हते. खरं म्हंजे हात व्हत नव्हता.

अण्णाची तब्येत बरी हाय, खोकला हाय. बोलनं आदीच कमी, आता आजून कमी. तू कवा येनार ते इचारत न्हाई पन तुजी खोली झाडून ठिवतो.

पट्टा बांधते. रोज न्हाई.

पुस्तक कर. मी न्हाई म्हननारी कोन? माजं पोरगं कुनाच्या तोंडात ऱ्हायलं न्हाई. त्येचं नाव काडलं की बाया पदर सावरून उठत्यात. तुज्या पुस्तकात तरी ऱ्हाईल. सबूद नकोत तेच बरं. सबूद लई झालं तवा, पोलिसांचं, पेपरवाल्यांचं.

त्या दिवशीचं सांगते. श्रावण व्हता, पाऊस लागून ऱ्हायला व्हता. सकाळी त्यानं नाचनीची भाकर आन वालाचं कालवन खाल्लं. मी म्हनलं, आज खाचरात जाऊ नगं, बांध निसरडं हायेत. तर म्हनला, खाचरात न्हाई, फाट्यावर जाऊन येतो, दुपारच्याला जेवाया हाय. मी त्येच्यासाठी भात झाकून ठिवला व्हता. दुसऱ्या दिवशी त्येला धरनाच्या पान्यातनं आनला. डोक्याला मागं लागलं व्हतं. आजून काय सांगू? तुला ठाऊक हाय.

रोहितचं कवतिक किती करू? हिंजवडीला गाड्यांचा येवडा व्याप, कंपन्यांची मानसं न्यायची-आनायची, तरी दर ऐतवारी येतो. माजी औषदं आनतो. मागल्या म्हैन्यात न्हानीत धरायला दांडी बसवून दिली. ओम गेला तवापास्नं त्यानं कदी दिवाळी चुकवली न्हाई, आन माज्या पानात वाडल्याबिगर घास घेत न्हाई. देवानं येक नेला, येक ठिवला, असं मी म्हनते. त्यो नसता तर मी कवाच धरनाच्या वाटंनं गेले असते.

येकच सांगनं हाय. त्या कुशाबाचं चित्र काडू नगंस. कातकरी पाड्यावरचा, ज्येला पोलिसांनी धरला व्हता. पुराव्याबिगर सुटला म्हून त्यो साव झाला न्हाई. जाळ्यांवरनं ओमची आन त्येची भांडनं झालीवती. मुडदा त्येलाच कसा घावला? त्यो ह्या वाटंनं जातो तवा मी दार लावते.

बाकी ठीक. जिवाला जप, आन आमास्नी इसरू नगंस.

तुजी,
आत्या


॥ श्री ॥

बडोदा,
१० मार्च २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कातळवाडीहून आले ती तुझ्या हातचं खाऊन दोन किलो वाढूनच. कोणी विचारलं तर आमच्या आत्याने पुस्तकासाठी अनुदान म्हणून दिलेत, असं सांगते.

तू माझ्याबरोबर गावभर हिंडलीस त्याबद्दल काय लिहू? मला वाटलं होतं, लोक बोलणार नाहीत. पण पेन्सिल पाहून बोलले. किराणा दुकानात तो टॉर्चचे सेल घ्यायला थांबला होता. रोपवाटिकेत आंब्याची कलमं बघून, पुढच्या वर्षी नेतो म्हणाला. फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलं ते तू ऐकलंसच. ओम बराच वेळ बाकावर बसला होता, पावसामुळे आत ओढून घेतलेल्या बाकावर, आणि कोणाची तरी वाट बघत होता. मग गिऱ्हाईकं आली, आणि चहावाल्याने परत पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता. त्यानंतर त्याला कोणीच पाहिलं नाही. म्हणजे माझ्या पुस्तकात बाकापासून पाण्यापर्यंत एक पान कोरं आहे. ते मला मनानेच काढावं लागणार.

आता जे लिहिते त्यावर तू रागावशील. पण तुझ्यापासून लपवून हे पुस्तक करता येणार नाही.

निघायच्या दिवशी मी पाड्यावर गेले होते. कुशाबा घराबाहेर जाळं विणत बसला होता. मला वाटलं, हाकलून देईल. त्याने बायकोला, गंगूबाईला, चहा टाकायला सांगितला. ओमशी भांडण झालं होतं, हे त्याने नाकारलं नाही. म्हणाला, "भांडलो आन दुसऱ्या दिशी त्येनंच मला तमाखू दिली." ओम सापडला त्या सकाळी तो नेहमीसारखा जाळी बघायला गेला होता. ओम दिसला तेव्हा पळून जायचं त्याच्या मनात आलं, कारण आपल्यावरच येणार हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण म्हणाला, "रत्नाबाई वाट बघत आसंल." म्हणून छातीएवढ्या पाण्यात उतरून त्याने ओमला दोन्ही हातांवर उचलून बाहेर आणलं. डोळे मिटवले. आणि मग स्वतःच गावात येऊन सांगितलं.

आत्या, तो कित्येक महिने तुरुंगात होता. होडी गेली. त्याला अजून गावात कोणी कामाला बोलावत नाही. मी त्याचं चित्र काढलं आहे, पाण्यातलं, ओम त्याच्या हातांवर असलेलं. माझ्या हातून यापेक्षा खरं काही उतरलेलं नाही.

रागाव, पण बोलणं टाकू नकोस. एवढी कृपा असू दे.

तुझी,
गौतमी


॥ श्री ॥

कातळवाडी,
१९ मार्च २०२४

चि. गौतमीस आशीर्वाद.

पत्र वाचलं. मी येकच गोष्ट नगं म्हनलं व्हतं. तू तीच केलीस. त्यानं चा पाजला आन तुला पटलं. मला कुनी चा पाजून माजं पोरगं परत दिल का?

रोहितला ऐतवारी सांगितलं. त्यो बी म्हनला, ताईला सांग, पुस्तक बंद कर, कशाला उकरून काडायचं, आत्या तुलाच तरास हुतो. त्यो जेवला बी न्हाई धड. तुज्यापरीस त्येला माजं दुक जास्त कळतंय.

मला पत्र लिहू नगंस आता थोडे दिस.

आंबेमोहर कांडून आनलाय. रोहित कामासाठी सुरतेला जानार हाय, तिकडनं तुज्याकडं येनार, त्येच्या हाती देते. वालाचं बिरडं बी. तिकडं मिळत नसंल.

आत्या


॥ श्री ॥

बडोदा,
१४ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तांदूळ पोचला. बिरडं पोचलं.

हे पत्र वाचायला बसशील तेव्हा अण्णांना बाहेर जाऊ दे आणि दार लावून घे. मला तुझ्यासमोर येऊन सांगायला हवं होतं. पण मी तुझ्यासमोर उभी राहिले तर सांगू शकणार नाही, हे मला माहीत आहे.

रोहित काल सकाळी आला. खुशीत होता. तुझी पिशवी ओट्यावर ठेवली, "आत्या रागावलीय पण बिरडं पाठवलंय, म्हणजे फार नाही रागावली" म्हणाला. मी चहा टाकला. पुस्तकाची पानं मी वाळायला दोरीवर लावली होती, ती तो एकेक करून बघत होता. पुस्तक नको म्हणाला होता, त्यामुळे मला जरा धाकधूक होती. पण तो शांतपणे बघत गेला. दुकान, रोपवाटिका, चहाचा बाक. मग ते पान आलं, जे मी मनाने काढलं होतं. ओम पाठमोरा पायवाटेने पाण्याकडे चाललाय, धो धो पाऊस आहे. पाऊस होता म्हणून मी त्याच्या हातात छत्री दिली होती.

रोहित म्हणाला, "छत्री कुठली? तो माझ्याच छत्रीतून आला होता."

अगदी सहज म्हणाला गं. चित्रातली चूक दाखवावी तसं. लहानपणी माझ्या चित्रातल्या गायीला शिंगं राहिली म्हणून दाखवायचा, तसं.

मी चहा गाळत होते. मी वळून बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता, आणि आपण काय बोललो ते त्याला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवशी तो हिंजवडीत गाड्यांच्या ड्युटीत अडकला होता, असं सगळ्यांना माहीत होतं. आपण कोणी विचारलंही नव्हतं. त्याला का विचारणार?

मी गॅस बंद केला आणि समोर बसले.  तो बोलायला लागला, आणि मग थांबला नाही.

उताराची जमीन विकायची ठरत होती, ते तुला आठवतंय. रिसॉर्टवाले मागे लागले होते, अण्णा आणि रोहित तयार होते, तुझ्या सहीवाचून अडलं होतं आणि ओम तुला सही करू देत नव्हता. रोहितने त्याला फाट्यावर बोलावलं. जागेवर जाऊन नीट बोलू म्हणाला. गाडी रस्त्यावर लावली आणि एका छत्रीतून दोघं खाली उतरले. ओम म्हणाला, खाचरं गेली तर मी काय तुझ्या गाड्या पुसू? रोहितने त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. कातळ शेवाळलेला होता. ओमचं डोकं दगडावर आपटलं आणि तो घसरत पाण्यात गेला. रोहित तिथेच उभा राहिला. तो उतरला नाही. त्याने कोणाला हाक मारली नाही. मग तो वर आला आणि गाडी घेऊन हिंजवडीला गेला.

खून झालेला पोरगा खालच्या पाण्यात सापडला म्हणून ते रिसॉर्टवाले परत आलेच नाहीत. उतारावरची खाचरं तशीच पडीक आहेत.

मी त्याला विचारलं, कुशाबाला धरलं तेव्हाही तू बोलला नाहीस? तो म्हणाला, "मला वाटलं, सुटेल."

आत्या, तो माझा भाऊ आहे. मी त्याला मारलं नाही, ओरडले नाही. मी त्याला म्हटलं, तू आत्याला सांगायचंस आणि मग ठाण्यात जायचंस. तू नाही गेलास तर मी जाणार. तो हो म्हणाला. निघताना त्याने गाडीत बसून बराच वेळ गाडी चालू केली नाही. मी खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही.

तो येईल का, मला माहीत नाही. म्हणून हे पत्र कुरियरने पाठवते आहे.

तुझ्याकडे काय मागू? मला काहीच सुचत नाही.

गौतमी


॥ श्री ॥

कातळवाडी,
२ मे २०२४

चि. गौतमीस आशीर्वाद.

तुज्या पत्राच्या आदी त्यो आला.

ऐतवार नव्हता. दुपारची येळ व्हती. मी म्हनलं, आज कसा आलास, जेवाया बस. मळ्या माशाचं कालवन केलं व्हतं, ताट वाडलं. त्यो ताटापुडं बसला आन हात धुतलेला तसाच ठिवला. मी म्हनलं, काटं हायेत, जपून. तवा त्यो रडाया लागला. ल्हानपनी ताप आला की रडायचा तसा, आवाज न करता.

समदं सांगितलं. तू लिवलंयस तेवडं समदं.

 मला राग आला न्हाई, लोक म्हनत्यात तसं डोळ्यापुडं अंधारलं न्हाई. ताटातला भात गार व्हताना दिसत व्हता. मंग मी येकच इचारलं. म्हनलं, पान्यात गेल्यावर त्यानं हाक मारली का? रोहितनं ताट बाजूला सारलं. मी म्हनलं, सांग. मी त्येची आई हाय, मला कळाया पायजे. कुनाला हाक मारली, मला का?

त्यो म्हनला, "दादा म्हनला. येकदाच."

गौतमी, माज्या पोरानं मरताना बी त्येच्याकडंच हात केला.

मी उठले. लुगडं बदललं. रोहितला म्हनलं, चल. आदी पाड्यावर गेलो. वाटंनं लोक बगत व्हते, आत्या-भाचं उनाचं कुटं निगालं म्हून. कुशाबा दारात आला न्हाई. गंगूबाई आली. मी रोहितला म्हनलं, हितं सांग. त्यो तिच्यापुडं उबा राहून सांगत व्हता आन ती माज्याकडं बगत व्हती. आतनं कुशाबा आईकत असनार. मी उंबऱ्यावर डोकं टेकलं. गंगूबाईनं मला उठिवलं, पन घरात बोलिवलं न्हाई. बराबर केलं तिनं.

तितनं जीपनं ठान्यात गेलो. जीपीत गर्दी व्हती. त्यानं मला जागा करून दिली आन सोता टपावर बसला.

सायबांनी त्येला आत नेला तवा त्यानं मागं बगून म्हनलं, "आत्या, गोळ्या टीव्हीच्या मागं ठिवल्यात." 

घरी आले तर तुजं पत्र आलेलं व्हतं. आता वाचून काय करायचं, पन वाचलं.

तुज्यावर राग न्हाई. कुनावर न्हाई. येकदाच दोगं बी गेले, येवडं कळतंय.

तुजी,
आत्या


॥ श्री ॥

बडोदा,
२१ जुलै २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायला कितीदा बसले. तुझं ते पत्र जवळ घेऊन झोपते आहे.

अण्णा इथे आले होते. एकटेच, इतका प्रवास करून. मला दारात पाहून रडले, आणि दोन दिवस राहिले. निघताना बोलले. त्यांनी वकील दिला आहे. वकिलांचं म्हणणं, पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात धरत नाहीत, तेव्हा रोहितने आता गप्प राहायचं. मग उरतं फक्त, तो तुझ्यापुढे, माझ्यापुढे आणि गंगूबाईपुढे बोलला ते. गंगूबाईचं कोण ऐकतं, असं वकील म्हणाले म्हणे. म्हणजे तू आणि मी. आपण दोघींनी "आम्हाला काही आठवत नाही" म्हटलं तर तो सुटेल. अण्णा म्हणाले, "पोरी, मेलेला मेला. हा तरी राहू दे. म्हातारपणी मी कोणाकडे बघू?"

मी त्यांना म्हणाले, मला आठवतंय. ते निघून गेले. स्टेशनवर सोडायला येऊ दिलं नाही.

मी साक्ष देणार आहे. तू दे किंवा देऊ नकोस, तुझ्याकडून मी काहीही अपेक्षा करत नाही. तुझं जेवढं गेलं तेवढं कोणाचंच गेलेलं नाही.

पुस्तक मी सोडून दिलं होतं. पण गेल्या महिन्यात बसून पुरं केलं. ते छत्रीचं पान काढून टाकलं. त्याच्या जागी दुसरं काही काढलं नाही, चहाच्या रिकाम्या बाकानंतर एकदम पाणी येतं, आणि पाण्यात कुशाबा, ओमला हातांवर घेतलेला. तेच शेवटचं. थोड्याच प्रती छापल्या. पहिली तुला पाठवली आहे. बघवलं नाही तर झाकून ठेव.

मी यायला निघू का? तुझ्याजवळ बसायचं आहे, बाकी काही नाही.

माझ्यावर जीव आहे तो कमी करू नकोस.

तुझी,
गौतमी


॥ श्री ॥

कातळवाडी,
१५ ऑगस्ट २०२४

चि. गौतमीस अनेक आशीर्वाद.

पुस्तक पोचलं. जड हाय. कागदाचा वास चांगला येतोय. मी म्हनले व्हते यात वाचायचं काय, ते मागं घेते. मी रोज येकच पान बगते, पुडं जात न्हाई. काल बाकाच्या पानावर आले व्हते. आजून येक दिस त्यो बाकावर बसलेला असंल, असं वाटतं.

अण्णा माज्यापुडं बी आला. भिताडाआडचा भाऊ, पन उंबरा वलांडून आला न्हाई. टोपी काडून माज्या पायापाशी ठिवली. म्हनला, रत्ना, तुजी साक्ष झाली की माजं पोरगं गेलं, माजं पोरगं मला दे. मी टोपी उचलली, झटकली, त्येच्या हातात दिली. म्हनलं, अण्णा, माजं बी दे की. तवापास्नं त्यो आन मी येका आंगनात ऱ्हातो पन बोलत न्हाई. सकाळी त्येचा चा मी भिताडावर ठिवते. त्यो घेतो. येवडंच.

कुशाबा आला व्हता. कुनीतरी सांगितलं असंल, पुस्तकात तुजं चित्र हाय म्हून. आंगनात उबा ऱ्हायला. मी बाज टाकली, त्यो जमिनीवरच बसला. मी पुस्तक त्येच्यापुडं उगडून ठिवलं. त्यानं हात लुंगीला पुसलं आन बोट न लावता बगत ऱ्हायला. मंग म्हनला, "पान्यात मानूस हलकं असतं, बाई. लेकरावानी उचलला त्येला. काठावर आल्यावर जड झाला."  मी इचारलं, चा घेनार का. म्हनला, आज नगं. आज नगं म्हनला, कदीच नगं असं न्हाई म्हनला. मी तेवडं धरून बसलेय.

तू यायचं इचारलंस. नगं येऊ, आत्ता नगं. राग धरू नगंस. तुजी हनवटी रोहितची हाय आन हसतीस तवा ओम दिसतो. मला दोगं बी येकदम सोसनार न्हाईत. पत्र मातर लिहीत जा. कामाचं लिही, जेवनाचं लिही, कायबी लिही.

मी साक्ष देनार हाय.

जिवाला जप. माजा जीव तुज्यात हाय, तेवडं ध्यानात असू दे.

तुजी,
आत्या


॥ श्री ॥

कातळवाडी,
१२ मार्च २०२५

चि. गौतमीस अनेक आशीर्वाद.

काल माजी साक्ष झाली. तुला कळवायचं कबूल केलं व्हतं म्हून आज सकाळीच लिहाया बसले.

पुन्याला कोर्टात गेले. गंगूबाई संगट आली व्हती, तिची बी साक्ष हाय. यस्टीत आमी दोगी येका बाकावर बसलो. तिनं भुईमुगाच्या शेंगा आनल्या व्हत्या, मला दिल्या.

कोर्ट म्हंजे शाळंच्या वर्गावानी खोली हाय. पंखा लई वरडतो. रोहित येका बाजूला पोलिसासंगट उबा व्हता. बारीक झालाय. शर्ट नीट खोचलेला व्हता. मी तिकडं बगायचं न्हाई असं ठरवून गेले व्हते.

सरकारी वकिलानं इचारलं, बाई, समोर उबा हाय त्येला वळखता का? मंग बगावंच लागलं. मी म्हनलं, वळखते. कोन तुमचा? मी म्हनलं, मुलगा.

 वकील म्हनला, नीट सांगा बाई, मुलगा गेलेला तो. हा तुमचा भाचा ना? मी म्हनलं, व्हय, भाचा. लिवनाऱ्यानं तसं लिवलं. पन मी चुकले न्हवते, गौतमी. तोंडातनं बराबरच आलं व्हतं.

मंग समदं सांगितलं. ताट वाडलं तितपास्नं, पाड्यावरचं, ठान्यातलं. दादा म्हनून हाक मारली ते बी सांगितलं. त्येच्या वकिलानं उलटं-सुलटं इचारलं, तुमास्नी जमिनीचा राग व्हता का, भाचीनं शिकवून पाठवलं का. मी म्हनलं, मला कुनी शिकवलं न्हाई, मीच तिगांना शिकवलं व्हतं. खोटं बोलू नगा म्हून.

सांगता सांगता माजा घसा सुकला. सबूद फुटंना. जज्जसायब खाली बगून लिवत व्हते, कुनाच्या ध्यानात आलं न्हाई. तवा रोहितनं संगटच्या पोलिसाकडं वळून कायतरी सांगितलं, आन त्या पोलिसानं बाहीरनं पान्याची बाटली आनून माज्या हातात दिली.

मी पेले. तान लागली व्हती. तीच बाटली हातात घिऊन बाकीचं समदं सांगितलं, त्येच्याच इरुद्ध.

बाहीर आल्यावर अण्णा जिन्याजवळ बसलेला दिसला. मी त्येच्या बाजूला बसले. त्यो उठून गेला न्हाई. 

पुडल्या म्हैन्यात तुजी तारीख हाय असं वकील म्हनला. काय ते खरं सांग, भिऊ नगंस. पन येक आईक. घरातनं निगताना पानी संगट घे. तितलं पेऊ नगंस.

साक्ष झाली की तशीच हिकडं ये. आता ये. भात टाकून ठिवते.

आदी दुरून माया केली, आता जवळ बसून करू.

तुजी,
आत्या